रस्ता सहापदरी, पण शेवटची गाडी किती वाजता?

पुण्याचे स्वारगेट म्हणजे दक्षिण महाराष्ट्राची वेस होय. सातारा, कराड, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पंढरपूर, महाड अशा पाट्या लावलेल्या एस. टी. गाड्या येथून सुटतात. आज बिगारी कामावर, कारखान्यात किंवा धुणीभांडी करून पोट भरणारी आपली कितीतरी कुटुंबे डोक्यावर वळकटी घेऊन प्रथम याच ठिकाणी उतरली. महामार्गाने कोणती शहरे सर्वांत चांगली जोडलेली आहेत, हा प्रश्न येथे उभे राहून विचारला, तर त्याचे उत्तर नकाशात मिळते त्याहून वेगळे मिळते.

आधी नकाशाचे उत्तर पाहू. मुंबई, पुणे, सातारा, कराड आणि कोल्हापूर ही शहरे एकाच मोठ्या रस्त्यावर आहेत. पूर्वी त्यास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणत. २०१० साली क्रमांक बदलले व तो ४८ झाला. दिल्लीहून निघालेला हा रस्ता मुंबई, पुणे, बेळगाव, बंगळूर करीत चेन्नईस पोहोचतो. दुसरा रस्ता हडपसरवरून पूर्वेस निघतो आणि यवत, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी मागे टाकीत सोलापूर व पुढे हैदराबाद गाठतो. हा पूर्वीचा ९, आताचा ६५. सोलापुरास उतरले की विजापूर, तुळजापूर, धाराशिव, बीड अशा वाटा फुटतात. तेव्हा स्वारगेटच्या पाट्यांत रुंद रस्त्याचा मान कोल्हापूर व सोलापूर या दोघांना द्यावा लागेल.

आता महाडची पाटी पाहा. भोरवरून गेले तर महाड साताऱ्याहून फार लांब नाही. पण मध्ये सह्याद्री आडवा आहे. वरंधा घाटाची वळणे चढून-उतरून गाडीला जावे लागते. पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणून अलीकडच्या वर्षांत हा घाट त्या दिवसांत बंद ठेवावा लागला आहे. मग ताम्हिणी घाटाने माणगाववरून वळसा पडतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी जेथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या गावी जाणारी वाट अशी अवघड आहे. दुप्पट लांबीचे कोल्हापूर सोपे आणि महाड कठीण! जोडणी नुसत्या किलोमीटरवर मोजता येत नाही, ती अशी.

रस्ता झाला म्हणजे तो सर्वांचा झाला, असेही नाही. २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी आणि रिक्षा यांना मनाई आहे. स्कूटरवर बायको-मूल घेऊन निघालेल्या कामगाराने जुन्याच रस्त्याने जायचे. मोठ्या मार्गावरून धावणारी विनाथांबा गाडी वाटेतल्या गावकऱ्याच्या उपयोगाची नसते. उड्डाणपूल झाला की गाव पुलाखाली राहते आणि गाडी वरून निघून जाते.

शहरातल्या शहरातही जोडणी लागते. कोल्हापूरहून येऊन नाशिकला जाणाऱ्याला स्वारगेटवर गाडी बदलता येत नाही. ती गाडी शिवाजीनगरची, आणि ते स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले गेले. २९ सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटहून शिवाजीनगर, पिंपरीकडे मेट्रो धावू लागली, ही मोठी सोय झाली. पण दोन लेकरे व तीन बोचकी सांभाळत जिने चढणाऱ्या आईला विचारा, प्रवासाचा सर्वांत लांब टप्पा कोणता!

रस्ता कोणाच्या जिवावर जोडतो, हे २०२१ च्या दिवाळीपासून पुढे दिसले. एस. टी. कामगारांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या काळात सहापदरी रस्ता जागच्या जागी होता, पुलाचा एक दगड हलला नव्हता. तरी खेड्यातला विद्यार्थी कॉलेजला मुकला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून गरिबाचा महामार्ग म्हणजे एस. टी. हेच खरे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला, तेव्हा माहेर पुष्कळ जवळ आले. रस्ता तोच होता, तिकीट बदलले.

आणि शेवटची गोष्ट सुरक्षिततेची. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे याच स्वारगेटच्या आवारात, उभ्या बसमध्ये एका तरुण प्रवासी महिलेवर अत्याचार झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. साऱ्या महाराष्ट्राला धक्का बसला. जेथे आपली मुलगी पहाटे निर्धास्तपणे गाडीत चढू शकत नाही, ते शहर कितीही महामार्गांवर असो, तिच्यासाठी तुटलेलेच आहे. स्थानकावर पुरेसा उजेड, पहारा, चौकशीच्या खिडकीत जागे माणूस आणि स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय या गोष्टी रस्त्याच्या डांबराइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

आपल्याकडे सोयरीक जुळवताना वडीलधारे विचारतात, "गाव रस्त्यावर आहे का?" आमचे सांगणे एवढेच की, यापुढे आणखी चार प्रश्न विचारावेत. शेवटची गाडी किती वाजता? ती गावात येते की फाट्यावर सोडते? भाडे किती? आणि अंधारात एकटी बाई उतरली तर तेथे कोण असते? मुलीला शिकायला पाठवताना, नवी नोकरी धरताना, भाड्याची खोली घेतानाही हेच विचारा. उत्तरे समाधानकारक नसतील तर पाच-पंचवीस प्रवाशांनी मिळून आगारप्रमुखांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. रस्ते सरकार बांधते, पण त्यावरून आपल्या गावची गाडी धावावी यासाठी आपल्यालाच बोलावे लागते.