पडद्याबाहेरची खिडकी

ह्या अंकाचा मराठी विभाग वेळेवर निघाला ह्याचे श्रेय आमच्याकडे नाही. उलट, त्यापायी एका विद्यार्थ्यावर आमच्या हातून अन्याय झाला. तो प्रांजळपणे सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

मुलांचे लेख तळोद्याहून नंदुरबारच्या छापखान्याकडे धाडावयाचे, त्याच सकाळी पाने जुळविण्याचा प्रोग्राम आम्ही उघडला. खालच्या पट्टीवर त्याचे चिन्ह उमटले, पण पडद्यावर खिडकी काही दिसेना. पुनःपुन्हा टिचकी मारली, संगणक बंद करून चालू केला, सारे व्यर्थ! मग आठवले की, आदल्या दिवशी नववीतील एका मुलाने प्रोजेक्टर जोडून तीच पाने वर्गाच्या भिंतीवर दाखविली होती. झाले! त्याला बोलावून सर्वांदेखत आम्ही रागे भरलो. पोर मान खाली घालून उभे राहिले.

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "सर, खिडकी गेली नाही, ती भिंतीवरच राहिली आहे."

आम्हांस ती थट्टाच वाटली. परंतु गोष्ट खरी होती. प्रोजेक्टर जोडून पडदा विस्तारला, म्हणजे दोन्ही पडदे मिळून एकच मैदान आहे असे संगणक समजतो, व मुख्य पडद्याच्या डाव्या कोपऱ्यापासून ठिपके मोजून प्रत्येक खिडकीची जागा ठरवितो. आमचा पडदा १९२० ठिपके रुंद. भिंतीवरची खिडकी त्याच्याही पलीकडे. पुष्कळ प्रोग्राम बंद होताना आपली जागा टिपून ठेवतात. त्यांतील काही, पुन्हा उघडताना तेथे पडदा उरला आहे की नाही, हे पाहण्याची तसदी घेत नाहीत. आणि पाने भिंतीवर दाखव ही आज्ञा आमचीच होती. प्रोग्राम तेथेच बंद करून तार काढली, तीही आम्हीच!

मुलाने ऑल्ट व टॅब दाबून ती अदृश्य खिडकी निवडली. मग ऑल्ट धरून स्पेस, व नंतर एम. (खिडकी पूर्ण पसरलेली असल्यास एमच्या आधी आर दाबून ती लहान करावी लागते.) बाणाची एक कळ एकदाच दाबून त्याने माऊस हलविला मात्र, विहिरीतून पोहरा वर यावा तशी खिडकी कडेने आत आली. शुभवर्तमानातील बाईचे हरवलेले नाणे घरातच होते, हे आम्ही कितीदा शिकविले असेल! तिने निदान दिवा लावून केर तरी काढला. आम्ही आधी ओरडलो.

सर्वांदेखत रागावलो होतो, म्हणून सर्वांदेखतच त्याची क्षमा मागितली. तो फार संकोचला, आणि म्हणाला, "सर, आधी सेव्ह करा."