एका रात्रीत म्हातारं झालेलं आरमार

नौदलाच्या इतिहासाकडे मी आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि आता हॅम्प्टन रोड्सची लढाई वाचून झाल्यापासून जो भेटेल त्याला धरून तीच ऐकवतोय!

अमेरिकेतलं यादवी युद्ध. 8 मार्च 1862, शनिवार. जेम्स नदीच्या मुखाशी उत्तरेच्या लाकडी युद्धनौका नांगर टाकून उभ्या, आणि समोरून येतंय काय, तर पाण्यावर तरंगणारं घराचं उतरतं छप्पर! उत्तरेनेच माघार घेताना जाळून बुडवलेली ‘मेरिमॅक’ दक्षिणेने वर काढली, तिच्यावर तिरक्या भिंती उभारल्या, दोन फूट जाड लाकडावर चार इंच लोखंड ठोकलं, गोळे घसरावेत म्हणून वरून चरबी फासली आणि नाव ठेवलं ‘व्हर्जिनिया’. गोळे आपटायचे आणि उडून जायचे. तिने सरळ उत्तरेच्या ‘कंबरलँड’च्या कुशीत धडक दिली. ‘कंबरलँड’ बुडता बुडताही तोफा डागत राहिली, आणि धडकेचं लोखंडी टोक तिच्यातच तुटून राहिलं. मग ‘काँग्रेस’ पेटली. पळायला निघालेली ‘मिनेसोटा’ उथळ पाण्यात रुतली. अंधार पडू लागला, ओहोटी लागली. हिचं उद्या बघू, म्हणून ‘व्हर्जिनिया’ परतली.

आणि त्याच रात्री, जळत्या ‘काँग्रेस’च्या उजेडात, न्यूयॉर्कहून उत्तरेची स्वतःची चिलखती नौका ‘मॉनिटर’ येऊन पोचली! कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकाने काट मारली असती.

जॉन एरिक्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या अवलियाने ती शंभरेक दिवसांत उभी केली होती. डेक पाण्याच्या वर जेमतेम दीड फूट, आणि मधोमध इंचभर जाडीच्या पत्र्यांचे आठ थर दिलेला गोल बुरूज, जो वाफेवर फिरतो! शतकानुशतकं तोफ रोखायची म्हणजे अख्खं जहाज वळवायचं. इथे जहाज जिकडे जायचं तिकडे जाऊ दे, तोफ आपली हवी तिकडे. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून खोलीत फेऱ्या मारल्या.

आतली फजिती तर विचारूच नका. बुरूज एकदा फिरायला लागला की नेमका थांबवता येईना, म्हणून फिरता फिरताच बार काढायचे. डावी-उजवी बाजू कळावी म्हणून जमिनीवर केलेल्या पांढऱ्या खुणा पुसल्या गेल्या. कप्तानाशी बोलायची नळी तुटली, मग निरोप घेऊन माणसं पळू लागली. बाहेर जग बदलतंय आणि आतल्यांना आपलं तोंड कुठे आहे तेही ठाऊक नाही!

रविवारी सकाळी दोघी चारेक तास अगदी जवळून एकमेकींवर गोळे फेकत होत्या. ‘मॉनिटर’च्या कप्तान वर्डनच्या डोळ्यांना इजा झाली; पण बुडालं कुणीच नाही. इतिहासकार याला बरोबरी म्हणतात. मी म्हणतो, हरलं ते लाकूड. फ्रान्सची ‘ग्लॉर’ 1859 साली आणि इंग्लंडची ‘वॉरियर’ 1860 साली पाण्यात उतरली होतीच. पण चिलखती जहाजाला चिलखती जहाजच अडवू शकतं, हे सिद्ध झालं ते इथे.

आणि खरा धक्का पुढेच: लाकडाकडून लोखंडाकडे जाणारी ही गोष्ट मुंबईलाही शिवून जाते. 1827 ची नवारिनोची लढाई ही निव्वळ शिडाच्या जहाजांची शेवटची मोठी लढाई. तिथली ब्रिटिश ध्वजनौका ‘एशिया’ होती आपल्या मुंबईच्या गोदीतली, सागवानी! आणि 1870 नंतर त्याच मुंबई बंदराच्या राखणीला आल्या ‘मगडाला’ आणि ‘ॲबिसिनिया’: थेम्सकाठी बांधलेल्या, प्रत्येकीवर दोन-दोन फिरते बुरूज असलेल्या, ‘मॉनिटर’च्या वंशातल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्या इथेच होत्या. मुंबईवर लिहिणाऱ्यांनो, या दोघींवर एक अख्खं मराठी पुस्तक लिहा. पहिली प्रत मी घेईन.