मला तो हट्टच वाटला

नाना माझं नाव विसरले तेव्हा मी चिडलो नाही. अल्झायमर म्हटल्यावर विसरणं आलंच, हे मी पचवलं होतं. पण शर्टाच्या बाहीत हात घालेनात, खुर्चीतून उठेनात, दारात येऊन थबकत, तेव्हा मात्र माझा पारा चढायचा. डोक्याचा आजार हातापायांपर्यंत पोचतो, हे माझ्या गावीही नव्हतं. पुढच्या साऱ्या चुका त्यातूनच झाल्या.

सकाळी ऑफिसची घाई असायची. अंघोळीआधी बनियन काढताना मी त्यांचा हात वर ओढायचो आणि ते खाली दाबायचे. मी जोर वाढवला की त्यांचाही वाढायचा. ‘नाना, मुद्दाम करताय तुम्ही!’ असं मी कितीदा ओरडलो असेन. एकदा त्यांच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले. बायकोनं ते पाहिले आणि मला काही न बोलता फिजिओथेरपिस्ट बाईंना बोलावलं.

बाईंनी माझ्यादेखत नानांचं कोपर झपकन वाकवायचा प्रयत्न केला. ते घट्ट झालं. मग हात धरून, थांबून, अगदी सावकाश वाकवलं. तेच कोपर सहज वळलं. याला पॅराटोनिया म्हणतात, त्या म्हणाल्या. दुसऱ्यानं हातपाय हलवले की स्नायू आपोआप अडवतात, आणि जितकी घाई कराल तितके जास्त. ‘सैल सोडा’ म्हणून सांगितलं तरी पेशंटला ते जमत नाही. म्हणजे ज्या विरोधाशी मी रोज झटत होतो, तो बराचसा माझ्याच घाईतून येत होता.

न्हाणीघराच्या दारात काळं पायपुसणं होतं. नाना तिथे अडायचे. ‘अरे, खड्डा आहे.’ मी म्हणायचो, ‘कसला खड्डा? मोतीबिंदू काढलाय ना तुमचा?’ डोळ्यांना दिसत होतं हे खरंच, पण खोलीचा अंदाज मेंदू बांधतो आणि या आजारात तोच चुकतो. गडद चटई खड्ड्यासारखी भासते, चकचकीत फरशी ओली वाटते. पायपुसणं उचललं आणि ते अडणं बरंचसं थांबलं. त्याआधी मी त्यांना दंडाला धरून त्या ‘खड्ड्या’वरून ओढून नेत असे.

त्यातच माझी अखंड बडबड. ‘पाय उचला, इकडे बघा, कठडा धरा, आज दूध प्यायलात का?’ १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वीडनमधला एक अभ्यास आला होता. बोलताना ज्यांची चाल थांबते, असे वृद्ध पुढच्या काही महिन्यांत जास्त पडतात, असं त्यात दिसलं. चालणं आणि उत्तर देणं ही दोन कामं अशा मेंदूला एकदम झेपत नाहीत. नाना माझ्या प्रश्नाला उत्तर देता देताच पडले. त्यानंतर मी त्यांना दिवसभर खुर्चीत बसवून ठेवू लागलो. पडणं टळलं, पण मांड्यांतलं बळ गेलं.

सगळ्यात मोठी चूक गोळीची. रात्री ते उठून कपाटं उघडत, ओरडत. डॉक्टरांनी शांत राहण्यासाठी गोळी लिहून दिली होती. झोप मिळावी म्हणून, खरं तर माझी झोप, ती मी कुणाला न विचारता वाढवली. काही दिवसांत चेहरा कोरा झाला, पावलं जमिनीला घासू लागली, तोंडातून लाळ गळू लागली. मी नातेवाइकांना सांगत राहिलो, ‘आजार वाढलाय.’ न्यूरॉलॉजिस्टनी मात्र आधी गोळ्यांची पिशवी मागितली. या जातीच्या गोळ्यांनी पार्किन्सनसारखा ताठपणा येतो. डिमेन्शियाच्या वृद्धांत अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ सालीच दिलेला आहे. डोस हळूहळू उतरवल्यावर चेहऱ्यावर थोडी हालचाल परतली, सगळी नाही.

न्यूरॉलॉजिस्टनी आणखी एक विचारलं, ‘चाल आधी बिघडली की स्मरण?’ अल्झायमरमध्ये चालीतला ठळक बिघाड बहुधा उशिरा दिसतो. तो सुरुवातीलाच असेल तर लुई बॉडी डिमेन्शिया, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असंही काही असू शकतं. नानांचं स्मरण आधी गेलं होतं, पण हे सांगायला मला बराच वेळ लागला. काय काय विसरले याची भली मोठी यादी माझ्याकडे होती. पाऊल कधी आखूड झालं, वळताना कधी अडखळू लागले, हे मी कधी टिपलंच नव्हतं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर तेही तारखेसकट लिहून ठेवा आणि दवाखान्यात जाताना गोळ्यांची पिशवी सोबत न्या. गोळी वाढवू नका, आणि एकदम बंदही करू नका. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच.