गाइडं किती घ्यायची आणि कोणती?

मैत्रिणींनो, उन्हाळा सरून जूनअखेर आपल्या वऱ्हाडातल्या शाळा उघडल्या, की घरोघरी एकच प्रश्न असतो : गाइडं कोणती घ्यायची? मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून नात्यातल्या साऱ्यांचा हा प्रश्न माझ्याकडे येतो. यंदा त्यासाठीच अकोल्याला नणंदेकडे जाऊन आले.

अमरावतीहून एसटी निघाली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. दोन्ही अंगांना काळं रान, बायका सरकी लावत होत्या.

नणंदबाईंनी दारातच हात धरला. "वहिनी, पोरगा दहावीत गेला. गेल्या साली सगळ्या विषयांची गाइडं घेऊन दिली, तरी गणितात काठावर पास! काऊन असं होते, सांगा बरं."

भाच्याच्या वह्या पाहिल्या. अक्षर मोत्यासारखं, पण सारी उत्तरं गाइडातून उतरवलेली. त्याच धड्यावरचं एक गणित आकडे बदलून दिलं. पेन्सिल हलेना. मान खाली घालून म्हणाला, "मामी, हे गाइडात नाही."

नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. घरखर्चातून पैसे मागे टाकून घेतलेली पुस्तकं होती ती!

संध्याकाळी बालभारतीची पुस्तकं पिशवीत घालून आम्ही बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "बाई, पूर्ण संचच न्या, स्वस्तात पडंल." आम्ही काही संच घेतला नाही. एकेक विषय ताडून पाहिला.

गणिताच्या पेपरांत भाग 1 आणि भाग 2 प्रत्येकी 40 गुणांचे. म्हणून नुसतं उत्तर नव्हे, तर प्रत्येक पायरी का केली ते सांगणारं मार्गदर्शक घेतलं. विज्ञानाचं घेताना आकृत्या आणि व्याख्या पाठ्यपुस्तकाशी जुळवून पाहिल्या. मराठीला कृतिपत्रिका असते. त्यात न वाचलेला उतारा येतो, पत्र-बातमी स्वतः लिहावी लागते. तिथे पाठ केलेलं उत्तर काय कामाचं? त्या पैशांत शब्दकोश आला. इतिहास-भूगोलाला पाठ्यपुस्तक आणि नकाशा पुरे.

जुनं पुस्तक घ्यायलाही हरकत नाही, पण आवृत्तीचं साल आधी बघा. दहावीची पुस्तकं 2018 साली बदलली. त्याआधीचं गाइड फुकट मिळालं तरी नको. पाठ्यपुस्तक हरवलं असेल, तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य मिळतं.

घरी आल्यावर नवी पुस्तकं नणंदबाईंनी आपल्या कपाटात ठेवली. नियम एकच केला : आधी पाठ्यपुस्तकातून स्वतः सोडवायचं, मग आईकडून गाइड मागून ताडायचं.

दुसऱ्या दिवशी मी निघताना भाचा वही घेऊन आला. उत्तर चुकलेलंच होतं, पण चुकलेल्या पायरीखाली त्यानं स्वतः रेघ मारली होती. "मामी, कुठं चुकलं ते समजलं मले."

मैत्रिणींनो, गाइड जरूर घ्या. पण पोरानं आधी स्वतः डोकं चालवल्याशिवाय ते त्याच्या हाती देऊ नका.