पीळ

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आत्या परवा दादाला म्हणाली. तोंडावरच. तो हसला. मी मात्र तेव्हापासून त्या सुंभात अडकलोय.

आमच्या आजोळी सुंभ म्हणजे काथ्याचाच. नारळाची सोडणं खाडीच्या खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजवायची, मग बडवून काथ्या सोडवायचा. आजी तो तळहातांवर वळायची. दोन पेड एका दिशेनं पिळायचे, मग ते एकमेकांभोवती उलट दिशेनं गुंडाळायचे. प्रत्येक पेड सुटायला बघतो आणि त्या धडपडीतच दुसऱ्याला आवळतो. मला ते कधी साधलं नाही. हात काढला की माझा सुंभ उलगडायचा. म्हणजे पीळ हा दोरीचा माज नव्हे, पीळ हीच दोरी. मग जळतं ते काय? राखेतही वळसे हुबेहूब दिसतात म्हणे, पण बोट लावलं की संपलं. म्हण करणाऱ्यानं बोट लावून पाहिलं नसावं.

दादाला मदत केलेली खपत नाही. अपघाताआधीही खपत नसे. डॉक्टर म्हणतात, मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की आपल्याला काय जमत नाही याचंच भान सुटू शकतं. आत्या म्हणते, मूळचा स्वभाव. थेरपिस्टबाईंनी वाद घातला नाही; तो काही करत असला की तुम्ही हात मागे बांधा, एवढंच आम्हाला शिकवलं. सहा वर्षं झाली. त्याचा सराव बरा चाललाय, आमचा कच्चाच आहे.

लुरिया या रशियन मेंदूतज्ज्ञानं झासेत्स्की नावाच्या सैनिकाबद्दल लिहिलंय. १९४३ साली त्याच्या डोक्याला जखम झाली आणि अक्षरं परकी झाली. अक्षर आठवू नकोस, हात न उचलता सबंध शब्द लिही, असं सांगितल्यावर त्याचा हात चालू लागला. पुढं २५ वर्षं तो लिहीत राहिला, जवळपास ३००० पानं. आपलंच लिहिलेलं वाचताना मात्र तो अडखळायचा. हा पीळ नक्कीच राखेचा नव्हता. पण तो त्याचा होता, की नुसता हाताचा?

रविवारी दादानं रद्दीचा गठ्ठा सुतळीनं बांधला. ४० मिनिटं लागली. गाठ त्याची जुनीच, स्कूटरवर सामान बांधायचा ती. मी हात मागे घेऊन उभा होतो. रद्दीवाला आला, त्यानं वजनाआधी सुतळी कापली आणि गठ्ठा आपल्या दोरीनं बांधला.