घरचं सोयाबीन आणि चार पिल्लं

आज स्वतःची चूक लिहितो. कोणाच्या कामी आली तर बरं.

आपल्या आर्णी भागात सोयाबीन कोणाच्या घरी नाही? 2025-26 च्या हंगामात हमीभाव 5328 रुपये होता, पण मी बाजारात नेलं तेव्हा बोली त्याच्या बरीच खाली. पाच पोती घरी परत आणली. गोठ्यामागं माझ्या दोन यॉर्कशायर माद्या, त्यांची 17 पिल्लं. म्हटलं, विकत ढेप कशाला आणायची? घरचंच सोयाबीन भाजू, भरडू अन् पिल्लांना घालू. म्हशीला ओंजळभर टाकतो, तिला काही होत नाही. मग यांना काय होणार?

42 व्या दिवशी पिल्लं आईपासून तोडली आणि त्याच दिवशी हा खुराक सुरू केला. तिसऱ्या दिवशी पातळ हगवण. आठवड्यात चार पिल्लं गेली. उरलेल्यांची पाठ वर आली, केस उभे राहिले. डुकरं पाळतो म्हणून नाक मुरडणारे गावात आहेतच, त्यांना बोलायला विषय मिळाला. मला मात्र त्या चार पिल्लांचं लागलं, कारण रोग बाहेरून आला नव्हता. मीच घमेल्यातून वाढला होता.

पशुवैद्यक डॉक्टरांनी उरलेलं भरड हातात घेऊन दाणा फोडून दाखवला. वरून करपलेला, आतून कच्चा. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारा घटक असतो. म्हशीच्या कोठ्यातले जंतू तो फोडतात, डुकराला तसा कोठा नाही. नीट उष्णता दिली की हा घटक मोडतो. जास्त करपवलं तर लायसिन वाया जातं.

दुसरी गोष्ट मला नवीन होती. नीट शेकलेल्या डीओसीतही काही प्रथिनं अशी राहतात की नुकत्याच तोडलेल्या पिल्लाचं आतडं त्यांच्यावर बिथरतं. आतड्याची लव आखूड होते, अन्न शोषलं जात नाही. शिवाय सोयाबीनमधल्या न पचणाऱ्या साखरा पुढं आतड्यात आंबतात. म्हणून कारखान्यात डीओसी अल्कोहोलनं धुऊन कॉन्सन्ट्रेट करतात, त्यात सुमारे 65 टक्के प्रथिनं असतात. नाहीतर जंतू घालून आंबवतात. माल महाग, पण लागतो थोडाच दिवस.

पुढच्या वेताला असं केलं. दुसऱ्या आठवड्यापासून आईजवळ असतानाच चिमूटभर खुराक, त्यात थोडी डीओसी, म्हणजे आतड्याला ओळख व्हावी. तोडल्यावर दोन आठवडे, 100 किलोला :

मका भरडा 60
तांदळाची कणी 12
डीओसी 12
सोया कॉन्सन्ट्रेट 8
सुकटाची भुकटी 6
मीठ-खनिज मिश्रण 2

प्रथिनं साधारण 20 टक्के पडतात. पुढं दर आठवड्याला कॉन्सन्ट्रेट कमी, डीओसी जास्त. खुराक दिवसातून चार वेळा, थोडा थोडा. पाणी स्वच्छ.

या वेळी 16 पैकी एकही गेलं नाही. दोघांना हगवण लागली, खुराक निम्मा केल्यावर थांबली. कॉन्सन्ट्रेटचं बिल पाहून बायको म्हणाली, "एवढं महाग?" मी म्हटलं, मागच्या चार पिल्लांचा हिशोब मांड. ती गप्प बसली.

डीओसी घेताना एक बघा. युरिया आणि फिनॉल रेडचं द्रावण चमचाभर डीओसीवर टाका. पाच मिनिटांत सगळं लाल झालं तर माल कच्चा. तुरळक लाल ठिपके दिसले तर ठीक. काहीच लाल झालं नाही तर बहुधा जास्त शेकलेला. गावातल्या पशुवैद्यकाकडून एकदा करून घ्या.

घरचं सोयाबीन मी आता तेल गिरणीलाच देतो. आपल्या मातीतलं आहे म्हणून ते लेकराच्या पोटाला लगेच सोसेल असं नाही.

तुमच्याकडं तोडलेल्या पिल्लांना काय घालता? कमेंटमध्ये सांगा भाऊ.