नंबरप्लेट नसलेली गाडी

आमच्या फॉर्म्युला टीमच्या गाडीला नंबरप्लेट नाही, म्हणजे रस्त्यावर चालवायला बंदी! स्पर्धेला कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर न्यायची, तीही ट्रकने. स्लिक टायर म्हणजे तर पैशांचा धूर. पकड हवी म्हणून रबर मऊ, आणि मऊ म्हणून झिजतंही लवकर. माझी वर्गणी बाबांच्या ओव्हरटाइममधून येते. ते विचारतात, "एवढं करून गाडी धावते किती?" एन्ड्युरन्स साधारण 22 किलोमीटर, अ‍ॅक्सिलरेशन फक्त 75 मीटर! हिशेब बसत नाही, खरंय. पण आपणच वेल्ड केलेल्या चासीत बसून पहिला गिअर टाकला, की मागचं इंजिन थेट पाठीच्या कण्यात घुमतं. एम-थ्रीचा पेपरसुद्धा आठवत नाही. यंदा बाबांनाच ट्रॅकवर नेणार आहे. हिशेब तिथेच मांडू.